तासाभराचं अंतर

आमच्या ऑफिसात 'लांब' हा शब्द उच्चारायला बंदी होती.

ऑफिस म्हणजे काय, लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, भिंतभर नकाशा आणि वर एक पंखा, जो फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. एसटी, खासगी गाड्या, रेल्वे, विमान, सगळ्याची तिकिटं आम्ही काढून द्यायचो. शेजारी मसाल्याचं दुकान. उन्हाळ्यात तिथे मिरची कांडायला लागली की आमच्याकडे येणारा प्रत्येक कस्टमर शिंकत शिंकत बुकिंग करायचा. मालक म्हणजे काका. मी पहिल्या दिवशी त्यांना 'सर' म्हटलं तर म्हणाले, "सर शाळेत. हय काका." तेव्हापासून काका.

कुणी येऊन सहज म्हणालं, "काका, सावंतवाडी जरा लांब पडते ना हो?" की झालंच. काका पेन खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे. "लांब म्हणजे काय? लांब असं काही नसतं. किती वेळ लागतो ते विचार. तुझा उंबरा कुठला?"

माणूस गांगरायचा. उंबरा? काकांना पत्ता नको असायचा, उंबराच हवा असायचा. चाळीत कितव्या मजल्यावर, जिना अरुंद की रुंद, सामान कोण उतरवणार, गल्लीत टॅक्सी येते की नाक्यापर्यंत चालायचं. मग पलीकडचा उंबरा. गावातल्या तिठ्यावर उतरून पुढे रिक्षा मिळते का, की कुणी बाइक घेऊन येतं. हे सगळं जमवून ते वेळ सांगायचे. त्याला ते 'उंबरा ते उंबरा' म्हणायचे, आणि याच्याशिवाय दुसरी वेळ त्यांना मान्यच नव्हती.

एकदा एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. हातात मेंदी, डोळ्यांत गोवा. "काका, फ्लाइटने तासात पोचतो आपण!" नवरा उत्साहाने म्हणाला. काकांनी त्याच्याकडे अशी कीव करून बघितलं की मलाच लाज वाटली. "तो तास विमानाचा. तुझा नव्हे." मग घरातून निघायचं कधी, विमानतळावर रांग किती, तिथे उतरल्यावर बॅगेची वाट बघायची, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची, असं एकेक करत काकांनी त्या तासाचा जवळजवळ दिवस करून टाकला. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी त्यांनी ट्रेनचं तिकीट घेतलं, आणि आमचं जे काही कमिशन सुटलं असतं ते गेलं.

"काका, तुम्हाला धंदा करायचाय की कीर्तन?" मी तडकलेच.

"बाय, खोटा टाइम सांगून तिकीट विकणं म्हणजे काट्यात मारणं," ते म्हणाले. "माझा बाप गिरणीत होता, पण काट्यात कधी मारलं नाही कुणी आमच्यात."

गिरणीत काटा कुठून आला, हे मी विचारलं नाही. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

गणपतीत तर कहर. दर्शनाची रांग आमच्या गाळ्यावरून जायची. ऊन, घाम, कडेवर पोरं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, अजून किती वेळ? मंडळाचे कार्यकर्ते हसून सांगायचे, आलंच, आलंच. हे काकांना बघवेना. एका वर्षी ते खुर्ची घेऊन बाहेर बसले आणि विचारेल त्याला खरं सांगायला लागले. "तुमचा नंबर उद्या उजाडता. मागे ती लाल साडी आहे ना, तिचा उद्या दुपारी. बाळाला घेऊन उभ्या राहू नका बाई, घरी जा, देव रागावत नाही." बघता बघता रांग विस्कटली. कार्यकर्ते धावत आले. "काय काका, काय लावलंय हे? रांग मोडताय आमची!" काका शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही खरं सांगा, मी आत जाऊन बसतो." शेवटी त्या पोरांनीच त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणून ठेवलं. काका खुर्चीत ऐटीत बसलेले आणि आजूबाजूला ढोल वाजताहेत, हे चित्र आठवलं की अजून हसू येतं मला. काकांबद्दल हसण्यासारखं जे काही आहे ते साधारण इथपर्यंतच.

आता तो नकाशा. महाराष्ट्राचा, जुना, कडा फाटलेला, मसाल्याचा वास मुरलेला. त्यावर शेजारच्या दुकानातून आणलेला पुड्या बांधायचा पांढरा दोरा ताणून टाचण्यांनी लावलेला असायचा. एक टाचणी नांदेडला. दुसरी खाली कोकणात, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जो छोटा विमानतळ झालाय त्याच्यावर. दोरा सरळ, मधे घाट नाही, नदी नाही, वळण नाही. नांदेडला त्यांची एकुलती एक मुलगी दिली होती. आणि सड्यापासून थोड्याच अंतरावरच्या त्यांच्या गावात काकी राहायच्या. काका इथे एकटे. वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती, पण दिवसभर मुक्काम गाळ्यातच.

काकी मुंबईला का राहत नाहीत, हे मी एकदा त्यांनाच विचारलं होतं, त्या चार दिवस आल्या होत्या तेव्हा. त्या म्हणाल्या, "हय माका वारो लागणा नाय गो." हवा लागत नाही म्हणे. बाई बुटकी, सावळी, बोलायला कमी. पण काकांना गप्प करणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे काकी.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिथे नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. मुलगा नांदेडच्या कॉलेजात शिकवणारा, चांगल्या घरचा, मुलीनेच पसंत केलेला. काकी गावाहून आल्या त्या चेहरा पाडूनच. गाळ्यात, माझ्यासमोर, त्या काकांना म्हणाल्या, "मुलगो बरो आसा. पण एवढ्या लांब पोर देव नको."

'लांब' म्हणाल्या त्या! मी श्वास रोखून बसले. पण काका चिडले नाहीत. त्यांनी शेजारून दोरा मागवला, दोन टाचण्या टोचल्या, दोरा ताणला आणि काकींचा हात धरून त्या दोऱ्यावर ठेवला. "बघ. एक वीत नाही. दोन्हीकडे विमानतळ आहे. सरळ हवेतून तासाभराचं अंतर. तुझी पोरगी तासाभरावर आहे."

काकींनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "माका मुलगो नाय. आग माका तीच देतली. वेळेर पोचात मा ती?"

"तासाभरात," काका म्हणाले.

काकींनी मान डोलवली. काकांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. सगळं लालबाग त्यांच्या वेळेवर विश्वास ठेवायचं, मग काकी तर बायको.

मला मात्र ते खटकलं होतं. नांदेडहून कोकणात सरळ विमान नव्हतंच. आधी उलट्या दिशेला हैदराबादला जायचं, तिथे ताटकळायचं, मग दुसरं विमान पकडून तेलंगण, कर्नाटक ओलांडून परत यायचं. निव्वळ द्राविडी प्राणायाम. जगाला उंबरा ते उंबरा ऐकवणारा माणूस घरच्यांना मात्र दोऱ्याने मोजून सांगत होता. पुढे एकदा मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, "अगं, आज ना उद्या सरळ विमान सुरू होणारच. इकडे धावपट्टी, तिकडे धावपट्टी. मग नाही कसं होणार?" आणि आठवड्यातून दोनदा तरी ते विमान कंपन्यांना फोन लावायचे. पलीकडची मुलगी "मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ" म्हणाली की काका आपल्या हिंदीत विचारायचे, "नांदेडसे कोकण सीधा चालू हुआ क्या?" तिकडच्या मुली बदलत, उत्तर तेच राही. काका न रागावता फोन ठेवत. नंतर बायकोला फोन लावून सांगत, "बोलणी चालू आहेत."

दर संध्याकाळी मुलीचाही फोन यायचा. नातवाचे दात, भाजीचे भाव, सासूचे गुडघे. फोन ठेवताना काका ठरलेलं वाक्य म्हणायचे, "काळजी करू नको, तासाभरावर आहेस." ती तिकडे हसायची. मलाही ऐकू यायचं ते हसणं.

दसरा होऊन गेला होता. परतीचे ढग रेंगाळत होते. दुपारी गाळ्यात आम्ही दोघंच होतो, डबे उघडलेले. काकांच्या धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. काकी अंगणात वाल सोलत बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

 काकांनी डब्याचं झाकण लावलं. नीट, चारी बाजूंनी दाबून. मग मुलीला फोन लावला, कारण हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळवणं त्यांना पटलं नसतं. ती इतक्या मोठ्याने रडली की काकांनी फोन कानापासून दूर धरला. मग तिचा नवरा बोलायला आला. मला त्याचे शब्द स्पष्ट ऐकू आले. "बाबा, आम्ही गाडी काढतो. आत्ता निघालो तर सकाळपर्यंत पोचू."

"नको," काका म्हणाले. "मुलाला घेऊन एवढे घाट? आणि तिच्या अशा अवस्थेत? मी इथे कशाला बसलोय? सकाळचं विमान आहे, दुपारी घरात असाल. मी सांगतो भावकीला थांबायला."

माझ्याकडून त्यांनी तिकिटं काढून घेतली. नांदेड-हैदराबाद, हैदराबाद-कोकण. आवाज तोच, कस्टमरला सांगायचा. मग भावाला फोन. "सकाळी नको. दुपारपर्यंत थांब. पोरगी येते. आग तीच देणार, वहिनीने तुझ्यासमोरच सांगितलंय ना?"

आमच्या कोकणात मुंबईकर येईपर्यंत थांबायची रीत आहेच. पोर मुंबईहून निघालंय म्हटल्यावर गाव थांबतं, कुणी कुरकुर करत नाही. पण थांबायचं ते गाडीने येणाऱ्यासाठी. गाडी उशिरा का होईना, दारात येते. विमानासाठी थांबायची ती त्या वाडीची पहिलीच वेळ.

काकांना एकटं पाठवायचं कसं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. भाड्याची गाडी केली, सकाळी पोचलो. काकींना पडवीत ठेवलं होतं. मालवणहून मासळीचा बर्फ आणला होता, त्या लाद्या गोणपाटात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावलेल्या. बर्फाला मासळीचा वास होता. काका त्यांच्या उशाशी बसले आणि त्यांनी पहिली गोष्ट काय सांगितली, तर, "ती निघाली नांदेडहून. आता हैदराबादला असेल."

सगळं अंगण माणसांनी भरलेलं. आभाळ इतकं खाली आलेलं की माडांचे शेंडे दिसत नव्हते. हैदराबादहून मुलीचा मेसेज आला, विमानात बसलो. काका उठून अंगणात आले, सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "बसली विमानात. आता तासाभराचं अंतर." बाया चूल सारवायला लागल्या, कुणी तिरडीचे बांबू उचलून पुढे ठेवले. जरा जीव आला सगळ्यांच्यात.

आणि दुपारी आवाज आला. आधी लांबून, मग अगदी डोक्यावर. विमान दिसत नव्हतं, नुसती घरघर. अंगणातली सगळी माणसं वर बघायला लागली. काका पुढे झाले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "इली! इली गो, पोरगी इली तुझी!" ते पडवीकडे वळून काकींना सांगत होते. 

आवाज सड्याकडे गेला. मग परत आला. डोक्यावरून गेला, समुद्राकडे वळला, पुन्हा आला. ढगातून उतरायला वाट सापडत नव्हती. किती वेळ ते घोंगावत होतं कुणास ठाऊक. काका त्याच्यामागे मान फिरवत अंगणात गोल फिरत होते, म्हातारा माणूस, पायात चप्पल नाही. माय पडवीत, लेक तिच्या बरोब्बर डोक्यावर. त्यांच्यात फक्त तो ढग. दोऱ्याने मोजलं असतं तर टाचणी लावायलाही जागा उरली नसती.

मग आवाज पूर्वेकडे गेला आणि बारीक बारीक होत संपला. परत आला नाही.

काका उभेच.  कुणीतरी फोनवरून कळवलं, विमान माघारी गेलं, गोव्यालाही उतरता आलं नाही, हैदराबादलाच परत. म्हणजे निघाली होती तिथेच.

भाऊ जवळ आला. "दादा, आता थांबाक जमाचा नाय. बर्फ सरलो. पावस भरलो हा."

"थोडा वेळ," काका म्हणाले. "दुसरं विमान सोडतील."

"दादा, आयक माझा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. कसं सांगू, ते बघणं कस्टमरचं होतं. किती वेळ लागेल, हे ते मला विचारत होते. मी मान हलवली. नाही.

शेवटी आग त्यांनीच दिली. मडकं खांद्यावर घेऊन फिरताना ते पाण्याच्या धारेकडे बघत होते, समोर नाही. त्या दिवसाचं याहून जास्त मला सांगवत नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, हैदराबादहून निघून, गाड्या बदलत बदलत. पडवीत काकींना जिथे ठेवलं होतं तिथे पिठावर दिवा लावला होता. ती त्याच्यासमोर बसली. पोरगं झोपलेलं मांडीवर. मग म्हणाली, "बाबा, आम्ही कितीदा फिरलो वरून. सगळं पांढरं होतं. मी खिडकीतून आईला हाका मारत होते. बाजूच्या बाईला वाटलं, मी घाबरलेय."

काका भिंतीला टेकून बसले होते.

"गाडीने आलो असतो बाबा," ती म्हणाली. रागावून नाही. राग असता तर बरं झालं असतं. "सकाळीच पोचलो असतो."

काका लालबागला परतले ते दिवसकार्य उरकून. पहिल्याच दिवशी त्यांनी नकाशावरच्या टाचण्या उपटल्या, दोरा बोटाला गुंडाळला आणि खिशात टाकला. कुणी विचारलं, काका, किती वेळ लागेल, तर म्हणायचे, "फोनमध्ये बघा." उंबरा विचारायचे नाहीत. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "काका, रत्नागिरी लांब आहे." वाटलं, चिडतील. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. संध्याकाळचा फोन कमी होत गेला. आला तरी चटकन संपायचा, आणि फोन ठेवतानाचं ते वाक्य तर गेलंच. थोड्या महिन्यांत त्यांनी गाळा देऊन टाकला आणि गावाला जाऊन राहिले. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. मी दादरला एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते.

गेल्या वर्षी लग्नाच्या निमित्ताने त्या बाजूला गेले होते, म्हणून काकांकडे डोकावले. हडकले होते फार. घरात एकटेच. पण मला बघून हरखले, स्वतः चहा केला, फार गोड. अंगणात बसलो. ऊन पडलेलं, आभाळ निळंभोर. मी दवाखान्याच्या गमतीजमती सांगत होते, ते हसत होते, आणि मधेच त्यांनी हात वर केला. गप्प.

विमानाचा आवाज. काका कप घेऊन उठले, अंगणाच्या मधोमध गेले, वर बघत उभे राहिले. विमान स्वच्छ दिसलं, खाली खाली येत सड्यामागे गेलं. आवाज थांबला.

"उतरलं," ते म्हणाले.

येऊन बसले. "रोज बघतो. रोज उतरतं गो. एक दिवस चुकत नाही."

 काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पोरगी येते का हो काका, अधूनमधून?"

त्यांनी कपाच्या तळातली साखर बोटाने ढवळली. मग ज्या शब्दाला आमच्या ऑफिसात बंदी होती तो पहिल्यांदाच त्यांनी आपणहून वापरला.

"लांब आहे गो ती," काका म्हणाले. "खूप लांब."